तुळशीजवळची फळी

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
रविवार, ता. ११ ऑक्टोबर १९८७

प्रिय चंदू,

तुझं पत्र मिळालं, व्हिसाचे कागद मिळाले, फोटोही मिळाला. फोटोत तू वाळलास असं आईंचं म्हणणं, आणि मला तर तुला पोट सुटल्यासारखं दिसतंय. दोघींनी फोटो दारातल्या उजेडात धरून चांगला वाद घातला. शेवटी एवढ्यावर मिटलं की शर्ट वाईट आहे आणि तो तू पुन्हा घालू नयेस.

आम्ही दोघी खुशाल. आईंचा गुडघा पावसात कुरकुरत होता, आता बरा आहे. नळाला पाणी सकाळीच येतं, पण चाळीसारखी ते पहिल्या मजल्यावर चढायची वाट बघावी लागत नाही, ही बैठ्या घराची मजा. शेजारच्या सोनूबाईंच्या घराचा नवा स्लॅब टाकून झाला. त्या दिवशी त्यांनी सगळ्या गल्लीला जेवायला घातलं आणि आईंनी त्यांना तांदळाची खीर करून दिली. लालबागची चाळ सोडताना आई ज्या तोंडाने या वाळवंटाला नावं ठेवत होत्या, त्याच तोंडाने आता ‘आमचो सेक्टर’ म्हणतात.

रतन बुधवारी निघतोय. तुझ्याच कंपनीतला माणूस सुट्टीवर आलेला, तेव्हा त्याच्या बॅगेवर आईंनी हक्कच सांगितला आहे. फराळ त्यांनी दसऱ्यापासूनच सुरू केला. चकल्या, चिवडा, आमसुलं आणि कुळथाचं पीठ. पीठ एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, तिच्यावर फडकं आणि फडक्यावर सुतळी. बहारीनच्या कस्टमवाल्यांना काय वाटेल ते वाटो.

तू घेतलेल्या क्वार्टरचं वर्णन आईंना दोनदा वाचून दाखवलं. स्वयंपाकघर एवढं मोठं आहे हे त्यांना खरंच वाटेना. खिडकी आहे म्हणतोस, पण खिडकीतून काय दिसतं ते लिहिलं नाहीस. जानेवारीत थंडी असते का तिथे? म्हणजे स्वेटर लागतो का?

तू प्रत्येक पत्रात विचारतोस, ‘रोपं कशी आहेत?’ लोक मुलाबाळांची चौकशी करतात तशी. रोपांचं पुढे लिहिते.

मी गेल्यावर आईंनी गावी काकांकडे राहावं असं तू सुचवलंस. आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “बगूया.” त्यांच्या ‘बगूया’चा अर्थ तू मला लग्नाच्या आधीच समजावून सांगितला होतास, त्यामुळे मी विषय तिथेच सोडला.

सोमवार

काल ‘आईंनी हाक मारली म्हणून थांबले’ असं लिहून इथून पुढे सुरू करणार होते. आईंनी हाक मारली नव्हती. रोपांचं लिहायची वेळ आली आणि पेन पुढे जाईना, एवढंच.

तर रोपं. तुला सगळं ठाऊक आहे, पण मी पहिल्यापासूनच सांगते, म्हणजे मलाही धीर येईल. चवळीच्या मुळांवर गाठी येतात. त्या गाठींत जिवाणू राहतात. हवेतला नायट्रोजन झाडाला स्वतःला घेता येत नाही, तो हे जिवाणू पकडून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. हे करायला जिवाणूला कुठकुठली जनुकं लागतात ते मी शोधते. शोधायचं म्हणजे एकेक जनुक मोडायचं आणि काय बंद पडतं ते बघायचं. तू पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा म्हणाला होतास, “म्हणजे एसीची एकेक वायर काढून बघायची.” तेव्हाच मला वाटलं होतं की हा माणूस चालेल.

जनुक मोडायला आम्ही त्यात डीएनएचा एक परका तुकडा घुसवतो. त्या तुकड्याबरोबर एक गुण येतो. तो ज्याच्यात शिरला तो जिवाणू कॅनामायसिन नावाच्या औषधाला दाद देत नाही, बाकीचे मरतात. ही त्यांची ओळखखूण. माझा एक मोडका जिवाणू आहे. तो मुळात शिरतो, गाठ करतो, झाडाची साखर खातो आणि देत काहीच नाही. चांगली गाठ कापली की आत लाल असते. याची पांढरी. त्याचं झाड पिवळं पडतं, नायट्रोजनच नाही तर काय करील. मग मी डीएनएचा एक चांगला तुकडा वेगळा काढला आणि तो या मोडक्याला दिला. तुकडा बरोबर असेल तर मोडका पुन्हा कामाला लागणार, गाठी लाल होणार, झाड हिरवं होणार. सगळा प्रबंध या एका प्रश्नावर उभा आहे.

पावसात आमच्या लॅबचं काचघर गळायला लागलं. बाटल्यांतल्या वाळूत वाढवलेल्या रोपांवर छपराचं पाणी पडून चालत नाही, म्हणून माझे गाईड विद्याधर सर यांना विचारून मी सगळ्या बाटल्या चारकोपला आणल्या. सर नको म्हणत होते, मीच हट्ट धरला. आपल्या अंगणात प्लास्टिकखाली भिंतीलगत फळी लावली. नुसत्या वाळूतली रोपं, मोडक्या जिवाणूची रोपं, धडधाकट जिवाणूची रोपं, अशी सगळी त्यावर बसली. दुरुस्त केलेल्या जिवाणूच्या रोपांना जागा उरली नाही, म्हणून त्यांच्यासाठी तुळशीजवळ दुसरी छोटी फळी टाकली. भिंतीजवळच्या फळीवर मी पाटी लावली, ‘कृपया हात लावू नये.’ गल्लीतली पोरं चेंडू शोधायला येतात म्हणून. तुळशीजवळ कोण येतंय, म्हणून तिथे लावली नाही.

पुढचं तुला मागच्या पत्रात कळलंच आहे. तुळशीजवळची रोपं आधी इतरांसारखी पिवळी पडली आणि मग बघता बघता हिरवीगार झाली. भिंतीजवळची, ज्यांनी पिवळं राहायचं होतं ती, शहाण्यासारखी पिवळी राहिली. उपटून बघितलं तर मुळांवर लाल गाठी. काही पांढऱ्याही होत्या, पण त्यांच्याकडे कोण बघतो! मी अंगणात ओरडले. आईंनी देवापुढे साखर ठेवली. सरांनी हैदराबादच्या परिषदेला निबंधाचा सारांश पाठवला आणि मला म्हणाले, “आता लिहायला बसा.” तू लगेच व्हिसाच्या मागे लागलास. सगळं झकास चाललं होतं.

शेवटची एक तपासणी राहिली होती. लाल गाठ ठेचायची, आतले जिवाणू कॅनामायसिनच्या बशीत पसरायचे आणि ते उगवतात हे बघायचं. उगवणारच, कारण दुरुस्त झाला तरी त्याच्यात तो परका तुकडा आहेच. सर म्हणाले होते, परिषद झाल्यावर केलंत तरी चालेल. मी सहज केली, हात रिकामे होते म्हणून. बशीत काहीही उगवलं नाही. पुन्हा केलं. पुन्हा बशी कोरी. औषध नसलेल्या बशीत मात्र तेच जिवाणू मजेत वाढले होते.

चंदू, याचा अर्थ एकच होतो. त्या लाल गाठींत माझा जिवाणू नव्हताच. बाहेरून दुसरा कुणीतरी चांगला, धट्टाकट्टा जिवाणू येऊन बसला होता आणि झाडाला तोच जेवू घालत होता. माझा तुकडा बरोबर की चूक, हे मला आजही माहीत नाही.

घरी आले ती चप्पल न काढता तुळशीजवळ जाऊन बसले. वाळू पांढरी असते, मी ती स्वतः धुते आणि कुकरमध्ये शिजवते. रोपांच्या बुंध्याशी लालसर काहीतरी होतं. तो रंग मला आधीही दिसला होता, पण सोनूबाईंच्या बांधकामाची विटांची धूळ असेल असं मी धरून चालले होते. आई फुलवाती करत बसल्या होत्या. मी विचारलं, “आई, हे लाल काय आहे?”

“गो, ती माती,” आई म्हणाल्या. “आपल्या कुळथाच्या मळ्यातली. तुळशीसाठी गावसून हाडलेली, डब्यात उरली हुती.”

“यांना घातलीत?”

“चिमूटभरच. पिवळी पडाक लागली तेवा. माका बगवाक नाय. तू रोज तेंका बगून तोंड पाडून बसस. म्हटलां, ही हिरवी झाली काय हिचा काम होतला, मगे ही माझ्या झिलाकडे जातली.”

“आणि त्या फळीवरच्यांना?”

“थंय पाटी हुती मां,” आई म्हणाल्या. “हात लावू नये म्हणान. मी वाचलंय. तेंका हात पण लावूक नाय.”

कुळीथ आणि चवळी, दोघांना एकाच गटातले जिवाणू चालतात. आपल्या मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या कुळीथ होतोय. त्या चिमटीत किती असतील याची कल्पना तुला नाही. माझ्या वर्षभराच्या कामाला एक चिमूट पुरली.

खोटं कशाला लिहू, मला तेव्हा आईंचा भयंकर राग आला. आत मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारत राहिले, म्हणजे बोलायला लागू नये. बाहेर आले तर आई डालडाचा डबा हातात घेऊन उभ्या. म्हणाल्या, अजून हवी तर आहे. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. मी “छान झाली हो रोपं” म्हटलं आणि कुकर लावला.

आता तू म्हणशील, मग तपासणी केलीस कशाला? दोन दिवस मीही स्वतःला तेच विचारत होते. कुणालाही ठाऊक नव्हतं. सरांनी मागितली नव्हती. गप्प बसले असते तर डिसेंबरात हैदराबाद, जानेवारीत विमान, आणि मोठ्या स्वयंपाकघरात तुझ्यासाठी कुळथाची पिठी. शुक्रवारी सरांच्या टेबलावर दोन्ही बशा ठेवल्या आणि सांगून टाकलं. सरांनी त्या उजेडात फिरवून फिरवून बघितल्या. म्हणाले, “रोपं घरी न्यायला परवानगी मीच दिली. त्यामुळे मला ओरडताही येत नाही.” मग त्यांनी हैदराबादला सारांश मागे घेत असल्याची तार लिहायला घेतली. मला विचारलं, पुन्हा पहिल्यापासून लावणार का, की इथेच सोडताय? घरी विचारून सांगते म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, लावते. सर म्हणाले, सगळं नीट करायचं तर पुढचं वर्ष जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

तुला विचारलं नाही. ते आत्ता, या ओळीत, पहिल्यांदाच माझ्या नीट लक्षात येतंय.

मंगळवार

आज पत्र संपवायलाच हवं, संध्याकाळी रतन सामान न्यायला येईल.

शनिवारी मी तुळशीजवळची रोपं उपटली. आईंना काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण दारात उभं राहून त्यांनी सगळं बघितलं. “हिरवी झालेली कित्याक उपटतंस?” मी म्हटलं, प्रयोगात असंच असतं, पुन्हा लावायची. आई चौथीपर्यंत शिकल्या असतील, पण तुझ्या आई आहेत, त्यांना बनवणं सोपं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझ्या मातयेन इस्काट केल्यान काय गो?”

मी नाही म्हटलं. नाही म्हणताना मला रडू आलं, तेव्हा त्या ‘नाही’चा काही उपयोग झाला नाही.

आई आत गेल्या, डालडाचा डबा घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिला. “तुझ्या कपाटात ठेव. कुलूप लाव.” मग तुळशीच्या कट्ट्यावर बसल्या आणि विचारलं, “म्हणजे आता तू जावचंस नाय?”

“वर्षभर तरी नाही.”

आईंनी पिशवी घेतली आणि तो गुडघा घेऊन नाक्यावर चालत गेल्या. बांगडे घेऊन आल्या, तेही चांगले मोठे. शनिवारी आपल्या घरात बांगडे! तिखलं केलं, मला पहिली वाढली. दोन घास खाल्ले आणि रडायला लागल्या, आणि मग रडण्यापेक्षाही जास्त स्वतःवर चिडल्या. “माझो झिल थंय एकटो जेवता आणि हंय माका बरा वाटता. देव माका माफ करूचो नाय.”

चंदू, मी त्यांची समजूत घातली नाही, कारण मलाही बरं वाटत होतं. हेच लिहायचं होतं आणि त्यासाठी मी तीन दिवस पाण्याच्या वेळा आणि सोनूबाईंचा स्लॅब लिहीत बसले.

नीट वाच, घाईत अर्थ लावू नकोस. तुझी आठवण येते. तुझ्या उशीवर मी कुणाला डोकं टेकू देत नाही, आई दुपारी आडव्या झाल्या तरी मी उशी बदलते आणि त्या हसतात. पण व्हिसाचे कागद आले त्या दिवशी मी ते आनंदाने उघडले आणि रात्रीपर्यंत माझ्या छातीवर काहीतरी बसलं होतं. मला वाटलं, नवीन देश म्हणून भीती वाटते आहे. कोरी बशी बघितली तेव्हा आधी वाटलं, वाट लागली, सगळं गेलं. आणि त्याच्या मागोमाग वाटलं, म्हणजे अजून मला इथून हलता येणार नाही. त्या दुसऱ्या विचाराने छातीवरचं उतरलं. मला माझंच नवल वाटलं. प्रामाणिकपणा म्हणून मी सरांना सांगितलं असं तुला लिहिता आलं असतं, तुला अभिमानही वाटला असता. पण त्यात निम्माच प्रामाणिकपणा होता. बाकी निम्मं हे, की तो तुकडा बरोबर आहे का, हे मला स्वतःला बघायचं आहे. दुसऱ्या कुणी बघून मला कळवलेलं चालणार नाही.

तिथे आले असते तर मी चांगली राहिले असते. चकल्याही केल्या असत्या. पण तू कामावर गेलास की त्या खिडकीशी उभी राहून मी त्याच तुकड्याचा विचार करत बसले असते आणि संध्याकाळी तुझ्यावर उगाच खेकसले असते. तू मला ओळखतोस.

तू आधीच खूप थांबला आहेस. तू चिडशील, आणि तुझं चुकणार नाही. क्वार्टरसाठी तू किती जणांच्या पाया पडलास ते रतनने सांगितलं, तू लिहिलं नव्हतंस. चिडायचं ते माझ्यावर चीड, हवं तर चार पानी लिही, मी सगळं वाचीन. फक्त आईंना एक शब्द लिहू नकोस. घरात एकटं राहायची वेळ त्यांच्यावर येणार होती, हे ठाऊक असूनही त्यांनी ती माती घातली. तुझं ताट एकट्याचं राहू नये म्हणून घातली. आपल्या तिघांत सरळ मनाने वागलेल्या त्या एकट्याच.

मे महिन्यात सुट्टी मिळते का बघ. तोवर दुरुस्त जिवाणूची रोपंही उभी राहिलेली असतील. ती हिरवी असतील की पिवळी, ते मला आज सांगता येत नाही. पण तू असताना उपटीन आणि पहिली गाठ तू काप. आत लाल निघाली तर माझं खरं. पांढरी निघाली तरी ते माझंच, आणि मग मी तुला काही न विचारता ठरवून टाकणार नाही, एवढा शब्द देते.

काल संध्याकाळी नवीन बी पेरलं, आधी नुसतं मोडक्या आणि धडधाकट जिवाणूंसाठी. तुळशीजवळची फळी काढून टाकली, सगळ्या बाटल्या आता भिंतीशी. या वेळी पाट्या दोन आहेत. दुसरी आईंनी पाठकोऱ्या कागदावर स्वतः लिहून चिकटवली, मला विचारलंही नाही. ‘खाऊक घालू नये. उपाशी ठेवलेली हत.’ सोनूबाई ती वाचून घाबरल्या आणि त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

व्हिसाचे कागद याच पाकिटात परत पाठवते आहे. तारीख पुढे ढकलता येते का, तिथे विचार. येत नसेल तर तसं स्पष्ट लिही. मला कळलं पाहिजे.

पाकीट मी वरच ठेवणार होते. पण आईंनी त्याच्यासाठी फराळाच्या डब्याच्या तळाशी, चकल्यांखाली जागा केली आहे. म्हणाल्या, “आधी खाव दे तेका, मगे वाचूंदे.” तेव्हा हे तू वाचतोयस म्हणजे डबा संपवलास. बरं केलंस.

अजून तू म्हणशील तर तुझीच,
अनू